सहीची साक्ष: अमेरिकेतील फिरत्या नोटरीविषयी

लेखक, संहिता आणि वाचक या तिघांशी साहित्याच्या अभ्यासकाचा नित्य परिचय असतो. दस्तऐवजांच्या जगात मात्र चौथी एक व्यक्ती उभी असते. मजकूर तिने लिहिलेला नसतो, तिच्यासाठीही तो लिहिलेला नसतो, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ सांगण्याची तिला मुभा नसते. तरीही तिच्या शिक्क्यावाचून त्या मजकुराला सरकारदरबारी किंमत येत नाही. ही व्यक्ती म्हणजे नोटरी. प्रस्तुत लेखात आम्ही तिच्या एका अर्वाचीन रूपाचा विचार करणार आहोत. घरकर्जाचे कागद घेऊन कर्जदाराच्या दारी जाणारा आणि त्याच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर सह्या घेणारा अमेरिकेतील फिरता नोटरी, हा आमचा विषय. साहित्याच्या पानावर हा विषय काहीसा परका वाटेल. परंतु मजकूर कोणी वाचायचा, त्याचा अर्थ कोणी सांगायचा आणि न वाचता दिलेल्या संमतीला संमती म्हणायचे काय, हे प्रश्न आपण वर्गात ज्या निर्धास्तपणे चर्चितो त्या निर्धास्तपणे ते त्या टेबलावर चर्चिता येत नाहीत. तेथे घर पणाला लागलेले असते.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे नोटरी म्हटले की न्यायालयाच्या आवारातले टेबल, काळा कोट आणि लाल शिक्का डोळ्यांपुढे येतो. १९५२ च्या नोटरी कायद्याखाली नेमला जाणारा हा मनुष्य बहुधा अनेक वर्षे वकिली केलेला असतो. फ्रान्स, इटली वा मेक्सिको येथला नोटरी तर कायद्याचा पंडितच. दस्त तो स्वतः रचतो, सांभाळतो, आणि समाजात त्याचा दबदबा असतो. अमेरिकेतला नोटरी या दोहोंपैकी कोणीच नव्हे. अठरा वर्षे पूर्ण झालेली, गंभीर गुन्ह्याचा डाग नसलेली कोणीही व्यक्ती अर्ज करून, माफक शुल्क भरून ही सनद मिळवू शकते. अनेक राज्यांत परीक्षाही नसते. कॅलिफोर्नियासारखे कडक राज्य सहा तासांचा अभ्यासवर्ग, एक लेखी परीक्षा, बोटांच्या ठशांवरून पूर्वेतिहासाची तपासणी आणि १५,००० डॉलरचे हमीपत्र मागते. त्यानंतर चार वर्षांची सनद मिळते. फ्रेंच कायद्याचा वारसा सांगणारे लुइझियाना तेवढे अपवाद.

या फरकामुळे भाषांतराच्या एका प्रश्नाला कायद्याने हात घालावा लागला. मेक्सिकोहून आलेल्या मनुष्याला ‘नोतारिओ पुब्लिको’ म्हणजे मोठा कायदेपंडित वाटतो. अमेरिकेतील काही नोटरींनी हीच पाटी स्पॅनिशमध्ये लावून स्थलांतरितांकडून वकिलाच्या कामाचे पैसे उकळले आणि त्यांची प्रकरणे बिघडवली. म्हणून कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा आदी राज्यांनी ‘नोटरी पब्लिक’ या पदनामाचे स्पॅनिशमध्ये शब्दशः भाषांतर करण्यास बंदी घातली आहे. शब्दाला शब्द ठेवणारे भाषांतर फसवणूक ठरते हे आपण भाषांतरमीमांसेत शिकवतो. येथे ते विधिमंडळाने लिहून ठेवले आहे.

नोटरी आणि वाङ्मय यांचे नाते जुने आहे, आणि ते सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. सुनीत या काव्यप्रकाराच्या जनकत्वाचा मान ज्याला दिला जातो तो जाकोमो दा लेंतीनी हा सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या सिसिलियन दरबारातला नोटरी. दान्तेने आपल्या महाकाव्यात त्याचा उल्लेख नावाने न करता नुसत्या पदाने केला आहे. पेत्रार्कचा बाप नोटरी, लिओनार्दोचा बापही नोटरी. परंतु आमच्या विषयाला सर्वांत जवळची हकिकत बोलोन्या नगरातली आहे. ठरावीक रकमेवरचे खाजगी करार नगराच्या नोंदवह्यांत उतरवून ठेवण्याची पद्धत तेथे १२६५ पासून सुरू झाली. या वह्यांत कोरी जागा राहिली तर तीत मागाहून कोणी काही घुसडील, या भयाने तेथील नोटरी ती जागा लोकभाषेतल्या कवितांनी भरून टाकीत. दान्तेचे एक सुनीत १२८७ च्या अशाच वहीत सापडते. आरंभीच्या इटालियन कवितेचा एक महत्त्वाचा ठेवा कर्जांच्या आणि खरेदीखतांच्या मधल्या फटींत जपला गेला, तो कोऱ्या जागेच्या धास्तीमुळे. अमेरिकन नोटरीलाही हीच धास्ती शिकवली जाते. अपुऱ्या, कोऱ्या जागा असलेल्या कागदावर शिक्का मारू नये, हा तिचा पहिल्या पाठांतला नियम. ती त्या जागेवर कविता लिहीत नाही, रेघ मारवून घेते, असो.

‘तिचा’ असे आम्ही लिहिले ते सहेतुक. आज अमेरिकेतील बहुसंख्य नोटरी स्त्रिया आहेत. आणि तरीही १८९० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी असे मत दिले होते की, नोटरीचे पद हे सार्वजनिक अधिकारपद असल्यामुळे राज्यघटनेनुसार स्त्रीची त्यावर नेमणूक होऊ शकत नाही. विसाव्या शतकात कचेऱ्यांतून टंकलेखिका आणि चिटणीस म्हणून स्त्रिया आल्या, शिक्का ठेवण्याचे काम मालकांनी त्यांच्याकडे सोपवले, आणि पदाचे लिंग बदलले. त्याबरोबर त्याची प्रतिष्ठाही उतरली काय, हा प्रश्न इतिहासकारांनी विचारण्याजोगा आहे. १९८४ मध्ये बर्नाल विरुद्ध फेंटर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे टेक्सासचा एक नियम आला. नोटरी अमेरिकेचाच नागरिक असला पाहिजे, असे तो नियम सांगत होता. न्यायालयाने तो रद्द केला. कारण असे दिले की नोटरीचे काम मूलतः कारकुनी स्वरूपाचे आहे. राज्याचे धोरण ठरवणाऱ्या पदांत त्याची गणना होत नाही. चौऱ्याण्णव वर्षांच्या अंतराने तेच पद एकदा स्त्रियांना मिळू नये इतके थोर ठरले आणि एकदा परक्या नागरिकालाही मिळावे इतके सामान्य. दुसऱ्या निकालाने न्याय झाला हे खरेच. त्यामुळेच आज अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना असलेला भारतीयही ही सनद घेऊ शकतो. पण पदाकडे पाहण्याची जी नजर या निकालात दिसते, तिचे परिणाम पुढे दिसतील.

आता स्वयंपाकघराकडे वळू. कर्जाच्या सह्या पूर्वी बँकेत, वकिलाच्या कचेरीत किंवा जागेच्या मालकीहक्काची छाननी करून विमा देणाऱ्या ‘टायटल कंपनी’च्या कार्यालयात होत. कर्ज देणारा त्याच गावचा असे आणि तोंडओळखही असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे चित्र पालटले. दूरध्वनीवरून आणि नंतर संगणकाच्या जाळ्यावरून कर्ज देणाऱ्या कंपन्या आल्या. देणारा एका किनाऱ्यावर, घेणारा दुसऱ्या, आणि कर्जखत लिहून होताच ते विकून त्याचे रोखे बनवले जाणार, म्हणजे धनको नेमका कोण हेही अनिश्चित. व्याजाचे दर उतरले तेव्हा जुने कर्ज फेडून कमी दराने नवे काढण्याची लाट उठली. जून २००३ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर ५.२१ टक्क्यांपर्यंत खाली आला होता. १९८१ च्या ऑक्टोबरात हाच दर १८.६३ टक्के होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लाटेचा जोर कळतो. दिवसा नोकरी करणाऱ्या कर्जदाराला रजा काढून कचेरीत बोलावण्यापेक्षा कागदच त्याच्या घरी पाठवणे सोयीचे. पण ते घेऊन जाणार कोण? वकील महाग. नोटरी स्वस्त. अशा रीतीने हा व्यवसाय उभा राहिला.

तिच्या कामाचा दिवस दुपारी सुरू होतो. सह्यांची कामे वाटणारी मध्यस्थ कंपनी फोनवर निरोप धाडते: अमुक गाव, अमुक वाजता, इतके डॉलर. निरोप एकाच वेळी अनेकींना गेलेला असतो. पहिली होकार देईल तिला काम. कागद येतात तेही बहुधा उशिरा, कधी भेटीच्या तासभर आधी. शंभर-दीडशे पाने, दोन प्रतींत छापायची. एक सह्यांसाठी, एक कर्जदाराला ठेवायला. त्यांतली काही पाने नेहमीच्या आकाराची आणि काही लांब, म्हणून दोन खणांचा छपाईयंत्र घरी हवा. शाई आणि कागद तिचा, गाडीचे इंधनही तिचे. राज्याने ठरवून दिलेली साक्षांकनाची फी क्षुल्लक असते. कॅलिफोर्नियात एका सहीला जास्तीत जास्त पंधरा डॉलर, न्यूयॉर्कमध्ये दोन. मिळकत होते ती छपाई, प्रवास आणि एकूण हमालीची, साधारण पाऊणशे ते दोनशे डॉलर, आणि तीही महिना-दीड महिन्याने. एक गंमत सांगण्यासारखी आहे: साक्षांकनाच्या फीवर स्वयंरोजगाराचा कर लागत नाही, कारण त्यापुरती ती सार्वजनिक अधिकारी असते, छपाई-प्रवासाच्या पैशावर तो लागतो, कारण तेथे ती व्यापारी असते. एकाच संध्याकाळच्या कमाईत कर-खात्याला दोन माणसे दिसतात.

टेबल पुसून घेतलेले असते, मुलांना आतल्या खोलीत पिटाळलेले असते. ओळखपत्र पाहायचे, चेहरा ताडायचा, मनुष्य शुद्धीवर आहे आणि राजीखुशीने सही करतो आहे याची खात्री करायची. इथपर्यंतचे तिचे काम खरोखर न्यायाधीशासारखे आहे. मग कागद एकेक करून पुढे सरकतात. खर्चाचा अंतिम तपशील, वचनचिठ्ठी, म्हणजे ‘मी इतके पैसे इतक्या व्याजाने फेडीन’ हा मूळ करार, घर तारण ठेवणारे गहाणखत, अर्जाची छापील प्रत, प्राप्तिकराचे कागद, आपण या घरात स्वतः राहणार असे प्रतिज्ञापत्र, कागदांत चूक आढळल्यास पुन्हा सही करीन अशी कबुली. काहींवर पूर्ण सही, काहींच्या प्रत्येक पानावर आद्याक्षरे. सरावलेली नोटरी हे सारे तासाभरात उरकते.

सह्या झाल्या की ती आपली नोंदवही उघडते. कॅलिफोर्नियात गहाणखतासारख्या स्थावराच्या कागदासाठी या वहीत उजव्या अंगठ्याचा ठसाही घ्यावा लागतो. ‘अंगठेबहाद्दर’ हा आपल्याकडे निरक्षराला लावलेला उपहासाचा शब्द. तेथे संगणक अभियंत्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना अंगठा उठवावा लागतो. ही प्रथा मुळात हिंदुस्थानातून जगात गेली. १८५८ मध्ये बंगालातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. १८७७ मध्ये हुगळीला त्याने दस्तनोंदणीसाठी बोटांचे ठसे वापरून पाहिले. सही नाकारता येते, ठसा नाकारता येत नाही, हा त्याचा तर्क दीडशे वर्षांनी लॉस अँजेलिसमधल्या स्वयंपाकघरात लागू आहे.

मराठी वाचकांना ओळखीचा वाटेल असा एक कागद या गठ्ठ्यात हमखास असतो. त्यात कर्जदाराच्या नावाची आजवर कोठेकोठे झालेली रूपे छापलेली असतात, आणि प्रत्येकासमोर ‘होय, हा मीच’ अशी सही करायची असते. स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि मग आडनाव, ही आपली तिहेरी रचना अमेरिकन यंत्रणेला नीटशी उमगत नाही. वडिलांचे नाव कधी मधले नाव होते, कधी नुसते आद्याक्षर उरते, कधी आडनावाला चिकटते. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या बाईच्या वाट्याला चार-पाच रूपे सहज येतात. त्यांतले एखादे ती स्वतः प्रथमच पाहत असते, तरी त्यापुढे सही करते. आत्मचरित्रावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा कागद अवश्य पाहावा.

आता मुख्य मुद्दा. नोटरी या शंभर-दीडशे पानांचा अर्थ सांगू शकत नाही. वकील नसलेल्या व्यक्तीने कायद्याचा सल्ला देणे हा अमेरिकेत अपराध आहे, आणि दस्तातील कलम समजावून देणे त्या व्याख्येत जाते. “ही वचनचिठ्ठी, व्याजाचा दर या ओळीत आहे,” इतके ती म्हणू शकते. हा दर चांगला की वाईट, दोन वर्षांनी तो चढला तर हप्ता किती होईल, मुदतीपूर्वी फेडल्यास दंड का आहे, या प्रश्नांना तिच्याकडे एकच विहित उत्तर असते: कर्ज देणाऱ्याला विचारा. रात्री आठ वाजता तेथे फोन कोण उचलणार? आणि आणखी एक गोष्ट. शिक्का पडतो तो या गठ्ठ्यातल्या मोजक्या कागदांवर, मुख्यत्वे जिल्हा नोंदणी कार्यालयात दाखल होणाऱ्या गहाणखतावर. वचनचिठ्ठीवर सहसा साक्षांकन नसतेच. ज्या कागदात मनुष्य तीस वर्षांचे वचन देतो त्याच्याशी साक्षीदाराचा औपचारिक संबंध नाही. ज्या कागदाने घर जाऊ शकते त्याला तेवढी तिची साक्ष लागते.

२००४ ते २००६ या काळात या नियमाची खरी कसोटी लागली. उत्पन्नाचा पुरावा न मागता दिलेली कर्जे, पहिली दोन वर्षे दर स्थिर आणि पुढली अठ्ठावीस वर्षे चढता-उतरता अशी कर्जे तेव्हा सर्रास दिली जात. दलालाने तोंडी सांगितलेला दर आणि छापील दर यांतली तफावत कर्जदाराला पहिल्यांदा दिसे ती त्या टेबलावर. समोर बसलेल्या स्त्रीने आठवड्याला असे वीस गठ्ठे हाताळलेले. बदलत्या दराचे जोडपत्र कोणत्या पानावर असते आणि त्यात काय लिहिलेले असते हे तिला पाठ. ते ओठांवर येऊ द्यायचे नाही, ही तिची व्यावसायिक नीती. शिवाय सह्या झाल्या नाहीत तर पुष्कळदा तिलाही पैसे मिळत नसत, किंवा नाममात्र मिळत. म्हणजे कायदा म्हणतो बोलू नकोस, आणि पोट म्हणते पान उलट.

या मौनाचे समर्थन होऊ शकते, आणि आम्ही ते हलके लेखत नाही. सहा तासांच्या अभ्यासवर्गावर कोणी गहाणखताचे विवरण करू लागले तर काय अनर्थ होईल हे ‘नोतारिओ’च्या फसवणुकींनी दाखवलेच आहे. साक्षीदाराने तटस्थ असावे हेही तत्त्व जुने आणि योग्य. पण तटस्थ साक्षीदार ही कल्पना अशी परिस्थिती गृहीत धरते की दोन्ही पक्षांना मजकूर समजलेला आहे किंवा समजावणारा दुसरा कोणी हजर आहे. स्वयंपाकघरात दुसरा कोणीच नसतो. जॉर्जिया, साउथ कॅरोलायना, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत या प्रसंगी वकिलाचा सहभाग सक्तीचा आहे. परंतु तो वकील बहुधा कर्ज देणाऱ्याचा. अमेरिकन कायद्याने समजावण्याचे काम माणसाकडून काढून आणखी कागदांकडे सोपवले. १९६८ च्या कायद्याने खऱ्या व्याजदराचा तक्ता आणला, १९७४ च्या कायद्याने खर्चाचा तक्ता. २००८ च्या पडझडीनंतर, ३ ऑक्टोबर २०१५ पासून, अंतिम तपशील तीन कामकाजाचे दिवस आधी कर्जदाराच्या हाती पडलाच पाहिजे असा नियम झाला. प्रत्येक सुधारणेने गठ्ठा जाड झाला.

एक कागद मात्र आम्हांस मनापासून आवडतो. राहत्या घरावरचे जुने कर्ज नव्या धनकोकडे नेणाऱ्या कर्जदाराला सही केल्यानंतर तीन दिवसांत, कारण न देता, व्यवहार मोडण्याचा हक्क आहे. गुरुवारी सही केली तर शुक्रवार, शनिवार आणि सोमवार. रविवार धरायचा नाही. सोमवारी मध्यरात्रीपर्यंत मन बदलता येते आणि तोवर पैसे हलत नाहीत. ही तारीख बिनचूक आहे याकडे पाहणे आणि प्रत्येक कर्जदाराला या सूचनेच्या दोन प्रती देणे हे नोटरीच्या कामातले सर्वांत मोलाचे काम, आणि त्यावर शिक्का नसतो. घर प्रथमच विकत घेणाऱ्याला हा हक्क नाही.

साक्षीदार आणि अर्थ यांची अशी ताटातूट अटळच आहे काय? येथे आम्हांस आपल्या दख्खनची आठवण होते. अमेरिकेशी तिचा काही ऐतिहासिक धागा आहे म्हणून नव्हे, तर हाच प्रश्न तेथे नेमका उलट सोडवण्याचा यत्न झाला म्हणून. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. दंग्यांच्या त्या मालिकेत जमावाचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. ते मागून घेऊन जाळण्यात आले. न वाचता येणाऱ्या मजकुरावर त्यांनी नांगराची निशाणी केली होती किंवा अंगठा दिला होता, आणि त्यावरच जमिनी जात होत्या. चौकशी आयोग बसला, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू होता. त्यात ग्रामनिबंधक नावाचे पद निर्माण केले होते. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त या निबंधकाने स्वतः लिहावा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावा, पक्षकारांपुढे वाचून दाखवावा आणि मग त्यावर सही-निशाणी घ्यावी. तसे झाले नसेल तर तो दस्त पुराव्यात चालणार नाही, अशी तरतूद होती. साक्षीदारालाच लेखक आणि वाचक करण्याचा हा प्रयोग होता. त्याने सावकारी थांबली नाही हे सर्वांना ठाऊक आहे. आणि लिहिणारी, वाचून दाखवणारी माणसे कोणत्या वर्गातली असतात व कोणाच्या बाजूने वाचतात याविषयी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जे लिहिले आहे त्यापुढे कायद्याचा भाबडेपणाही उघडा पडतो. तथापि त्या कायद्याला एक गोष्ट समजली होती. निशाणी खरी आहे एवढ्याने करार खरा होत नाही, हे त्याने मान्य केले होते.

अमेरिकेत उलट निशाणीचा खरेपणाही धोक्यात आला. घरे जप्त होऊ लागली तेव्हा न्यायालयांना प्रतिज्ञापत्रे हवी होती, आणि ती शेकड्यांनी तयार होऊ लागली. २०१० च्या शरद ऋतूत उघड झाले की बड्या बँकांचे नोकर न वाचता दिवसाकाठी शेकडो प्रतिज्ञापत्रांवर सह्या करीत होते, आणि त्यांच्या गैरहजेरीत नोटरी त्यांवर शिक्के मारीत होत्या. जॉर्जियातील एका कंपनीत तर एकाच व्यक्तीच्या नावाने अनेक हातांनी सह्या केल्या जात. ‘माझ्यासमक्ष उपस्थित होऊन’ हे साक्षांकनातले शब्द निव्वळ छापील नक्षी झाले होते. त्याच सुमारास एका राज्यातील साक्षांकन दुसऱ्या राज्याच्या न्यायालयांनी मान्य करावे असे एक विधेयक काँग्रेसने जवळजवळ चर्चेविना मंजूर केले होते. जप्तीच्या खटल्यांवर होणारा परिणाम ध्यानात येताच ऑक्टोबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ते परत पाठवले. २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांनी सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. त्या कचेरीतल्या नोटरी पगारी नोकर होत्या, मालकाने पुढे केलेल्या कागदावर शिक्का मारणे हे त्यांच्या नोकरीचा भाग होते. १९८४ च्या न्यायालयाने ज्याला कारकुनी म्हटले ते काम मालकांनी खरोखरच कारकुनीसारखे करून घेतले. आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यातला एक अपवाद येथे नोंदवला पाहिजे: घर गहाण टाकताना अंगठा लागतो, पण जप्तीनंतर विश्वस्ताने करून दिलेल्या खतासाठी तो लागत नाही.

त्यानंतर फिरत्या नोटरीवरची देखरेख वाढली. बँकांनी बाहेरून घेतलेल्या सेवांचीही जबाबदारी त्यांचीच, असे २०१२ मध्ये ग्राहक संरक्षण यंत्रणेने बजावले, आणि तेव्हापासून दरसाल पूर्वेतिहासाची तपासणी व परीक्षा हे या कामाचे अलिखित नियम झाले. व्हर्जिनियाने २०१२ पासून चित्रफोनवरून साक्षांकन चालू केले. २०२० च्या साथीत इतर राज्यांनी घाईने ते उचलले. ज्यांना ते जमले नाही त्यांच्या नोटरी मोटारीच्या टपावर कागद पसरून आणि खिडकीच्या काचेतून ओळखपत्र पाहून सह्या घेत राहिल्या. जानेवारी २०२१ मध्ये दर २.६५ टक्के इतका खाली आला आणि दिवसाला चार-पाच घरे करणाऱ्या नोटरींना कागद पुरेना. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर गेला. जुने स्वस्त कर्ज सोडून नवे महाग कोण काढणार? कामे आटली, अनेकींनी सनदेचे नूतनीकरण केले नाही. कॅलिफोर्नियाने दूरस्थ साक्षांकनाचा कायदा २०२३ मध्ये केला असला तरी तो पूर्ण अमलात येण्यास २०३० पर्यंतचा अवधी ठेवला आहे.

काम सोडणाऱ्या किंवा मरण पावलेल्या नोटरीच्या नोंदवह्या कॅलिफोर्नियात जिल्हा लिपिकाकडे जमा कराव्या लागतात. उद्याच्या सामाजिक इतिहासकाराला त्या वह्यांत पुष्कळ काही मिळेल. तारीख आणि वेळ, कागदाचा प्रकार, ओळखपत्राचा क्रमांक, सही, फी आणि अंगठा. २००५ च्या एखाद्या मंगळवारी, संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान, एका ओळीखाली एक अशी तीन कुटुंबे. त्यांनी काय विचारले आणि त्यांना काय उत्तर मिळाले, यासाठी मात्र त्या वहीत रकाना नाही.